मीटरची टोपी

रेवस, ९ ऑक्टोबर २०२३

ती. कुमुदआत्यास सलिलचा नमस्कार.

फोनवर तुला अर्धंच ऐकू येतं आणि उरलेलं अर्धं तू आपल्या मनाने भरतेस, म्हणून तुझ्या हुकुमाप्रमाणे पत्र लिहितोय. काम तुझ्याच खात्यातलं आहे. तीस वर्षं मुंबईच्या प्रयोगशाळेत तू किरणं मोजलीस, आणि आपल्या घरात दुसरं कुणी हे जाणत नाही.

मी गणराज शेठच्या भंगाराच्या वखारीत आहे हे तुला माहीत आहेच. जुने ट्रॉलर, बंद पडलेले कारखाने, सगळ्यांचं लोखंड, पितळ, तांबं इथे येतं. त्यातलं काय कुठलं हे ओळखायला आमच्याकडे हातात धरायचं एक्स-रे यंत्र आहे. दिसतं पिस्तुलासारखं. तोंड धातूला टेकवायचं, घोडा दाबायचा, दोन सेकंदांत पडद्यावर येतं की यात क्रोमियम किती, निकेल किती. घोडा मी दाबतो.

तुकडा धरते मनुबाई. बोडणीची आहे, पन्नाशीची. तिचा नवरा होडीवर होता, तो गेल्यापासून इथे माल निवडते. आत्या, ही बाई तू बघायला हवीस. पट्टी दगडावर आपटते आणि आवाजावरून सांगते, "ही चांगली, ही भुरटी." यंत्र फक्त तिच्या म्हणण्यावर शिक्का मारतं. दोन वर्षांत ती चारदा चुकली असेल, आणि त्यातल्या दोनदा यंत्रच चुकलं होतं.

बारीक तुकडे टेबलावर घसरतात. त्यामुळे बोल्ट, पट्ट्या, खिळे ती अंगठा आणि दोन बोटांत धरते आणि मी यंत्र टेकवतो. दिवसाला शंभर-दीडशे तुकडे सहज होतात. महिन्याभरापासून तिची तीच बोटं लाल झालीत, सालं निघतात, नखांवर रेघा आल्यात. घरी जाळं विणायची सुई धरवत नाही.

शेठने मला रेडिएशन मोजायला सांगितलं. वखारीत मीटर आहे. मी यंत्राच्या चारही बाजूंनी मोजलं. सगळीकडे ०.१, म्हणजे मोकळ्या हवेत असतो तेवढाच. घोडा दाबला तरी ०.१, सोडला तरी ०.१. आम्हा दोघांच्या छातीवरचे किरणं नोंदवणारे बिल्लेही दर तिमाहीला तपासून कोरेच येतात. तसा रिपोर्ट लिहिला, खाली सही केली. आता शेठ म्हणतात, यंत्र साफ आहे म्हणजे रोग बाईचा आहे, दुसऱ्यांना लागेल, एक डिसेंबरपासून तिने येऊ नये.

माझाच कागद दाखवून तिला काढतायत, आणि मला झोप लागत नाही. मी बरोबर मोजलं ना, एवढंच सांग. तुझी ती कुकरने भाजलेली दोन बोटं आठवली, म्हणून वाटलं भाजण्याचं तुला जास्त कळेल.

तुझा
सलिल


मुरूड, १४ ऑक्टोबर २०२३

सलिल, बाळा,

पत्र मिळालं. अक्षर सुधारलंय, अक्कल तपासायची आहे.

आधी हे कर, मग पुढचं वाच. आजपासून मनुबाईने एकही तुकडा हातात धरायचा नाही. तूही नाही. यंत्र वाईट आहे म्हणून मी हे म्हणत नाही. ही यंत्रं नीट वापरली तर चांगली असतात, मला त्यांचं कौतुकच आहे. आमच्या वेळी धातू ओळखायला अर्धी खोली भरेल एवढं धूड लागायचं. पण किरण कुठे जायला हवा तर तुकड्यात. तुकडा पातळ किंवा यंत्राच्या तोंडापेक्षा लहान असला की उरलेला किरण पलीकडे जातो, आणि पलीकडे तुम्ही त्या बाईची बोटं ठेवली आहेत.

बिल्ल्याचं मला सांगू नकोस. बिल्ला छातीवर आणि काम बोटांवर. स्वयंपाकघरात चटका बसला तर ओटीवर बसलेल्याला विचारतोस का, भाजलं का म्हणून?

बोटांचं कारण दुसरंही असू शकेल. तिथे तेल आहे, ॲसिड आहे, कसली कसली पावडर आहे. मी इथे वाडीत सुपाऱ्या सोलत बसून निदान करणार नाही. पण तुझा ०.१ मला मुळीच आवडला नाही. पुढे तोच, मागे तोच, घोडा दाबला तरी तोच. खरा आकडा जागा बदलली की हलतो. जो कुठेच हलत नाही, त्याने काही पाहिलेलंच नसतं.

मीटरचं चित्र काढून पाठव. कंपनीच्या पुस्तकातलं नको. तू जसा हातात धरतोस तसा, तुझ्या पेन्सिलीने.

माझं अक्षर वाकडं आहे ते गोड मानून घे. डाव्या हाताने किती नीट येणार.

कुमुदआत्या


रेवस, २० ऑक्टोबर २०२३

आत्या,

चित्र सोबत आहे. शाळेत चित्रकलेत मला पस्तीस मिळायचे हे ध्यानात ठेवून बघ.

तुझं पहिलं वाक्य वाचलं तेव्हाच हातात धरणं बंद केलं. मनुबाई भडकली. म्हणाली, "काम काढून घेतलं की मानूस काढायला सोपा. मना कलतं." मी म्हटलं, तसं नाही. म्हणाली, "मंग कसं हाय, ते सांगा."

मीटरबद्दल मात्र तू शंका घ्यावीस याचं थोडं वाईट वाटलं. या वखारीत निगा राखलेली एकच वस्तू आहे, ती म्हणजे हा मीटर. इथलं खारं वारं तुला माहीत आहे. कुलूप सहा महिन्यांत धरतं, पंख्याची पाती गंजतात, शेठच्या मोटारसायकलचं सायलेन्सर दोनदा गळून पडलं. म्हणून आम्ही प्रत्येक गोष्ट झाकून ठेवतो. वजनकाट्याला बुरखा आहे, कॅल्क्युलेटर पिशवीत आहे, टीव्हीच्या रिमोटलाही प्लास्टिक आहे. माझ्या आधीच्या माणसाने मीटर माझ्या हाती देताना सांगितलं होतं, पुढची टोपी कधी काढू नकोस, आतला पडदा नाजूक आहे, खारं वारं लागलं तर गेला. तीन वर्षांत एकदाही काढली नाही. अजून नव्यासारखा आहे.

सलिल


मुरूड, २५ ऑक्टोबर २०२३

टिकोजीराव,

टोपी काढा.

ती टोपी वाऱ्यापासून वाचवायला नाही. आत तो जो पातळ पडदा आहे ना, ती मीटरची खिडकी आहे आणि टोपी हे तिचं दार. तुमच्या यंत्राचे किरण मवाळ असतात, धातूच्या टोपीने ते तिथल्या तिथे अडतात. तीन वर्षं तू दार लावून घेतलंस आणि बाहेर कुणी आलंय का म्हणून विचारत बसलास. आतून उत्तर आलं, कुणी नाही.

मला हसू आलं आणि मग हसू गेलं. अशी चूक आपल्याच किनाऱ्यावर होऊ शकते. झाकून ठेवणं ही आपल्याकडे चांगल्या माणसाची सवय. मीही मिक्सरला झबलं शिवलंय. तेव्हा स्वतःला फार कोसत बसू नकोस, त्याला वेळ नाही. एक डिसेंबर जवळ आहे.

आता मोजायचं कसं ते ऐक. यंत्र टेबलाला शिकंज्यात घट्ट बांध. समोर कुणीही नको, मागे भिंत असू दे, शक्यतो जाड लोखंडाची थप्पी. घोडा दाबताना तू मागे उभा राहा. मीटर थेट तोंडासमोर जवळ धरायचा नाही, तिथे तो बावचळतो आणि कधी कधी भलताच कमी आकडा दाखवतो. लांबून सुरू करून हळूहळू जवळ यायचं. तोही हाताने नाही, लांब काठीला बांधून. अंतर प्रत्येक वेळी तेच हवं, अंदाजपंचे नको. आधी जाड तुकडा लाव, मग पातळ पट्टी, मग काहीच नाही. प्रत्येक आकडा जागेवरच लिही. घरी जाऊन आठवून लिहिलेला आकडा मी कधी मानला नाही.

आणि मोजताना मनुबाईला तिथे बोलाव. तिच्यामागे मोजू नका.

आत्या


रेवस, ३ नोव्हेंबर २०२३

आत्या,

मोजलं.

अंतराची पंचाईत होती. टेप लोखंडाची, यंत्राजवळ नेली की मध्ये येते, आणि काठीवर पेन्सिलीची खूण दिसत नाही. मनुबाई म्हणाली, "थांबा." जाळ्याचा दोर घेतला आणि वितीवितीला गाठ मारली. बोटं दुखत होती म्हणून दोर दातात धरून गाठी आवळल्या. मी नंतर पट्टीने तपासलं. बारा गाठींत एकही गाठ करंगळीच्या नखाएवढीही इकडेतिकडे नव्हती. यंत्राच्या तोंडापासून चार दिशांना चार दोर ताणले आणि गाठीगाठीवर मोजत गेलो. तुझ्या प्रयोगशाळेत असं काही होतं का गं?

मग टोपी काढायला घेतली. तीन वर्षांनी ती चटकन निघेना, मिठाने धरली होती.

यंत्र बंद असताना ०.१. जाड तुकडा लावून घोडा दाबला, तर मी उभा राहतो तिथे मागे ०.२. बाजूला, कोपराच्या जागी, दोन विती अंतरावर ३. इथवर ठीक. मग पातळ पट्टी लावली. समोर बाराव्या गाठीवर मीटर होता. तो ओरडायलाच लागला. दहाव्या गाठीवर काटा टोकाला गेला आणि मी घोडा सोडला. त्याच्या पुढे गेलोच नाही. तिची बोटं तर पहिल्या गाठीच्याही अलीकडे असायची.

मनुबाई बाजूला उभी होती. तिने हात पदराखाली घेतला. मग म्हणाली, "माझा हात कवाचा बोलतंय. तुमी मीटरलाच इचारीत बसलं."

मला खूप लाज वाटली, आत्या. घोडा दाबणारा मी होतो. मी तिला तसं म्हणालो. ती म्हणाली, "तुमाला ठावं व्हतं का?" मी म्हटलं, नाही. "मंग आता ठावं झालं," म्हणाली, आणि दोर गुंडाळून ठेवायला लागली.

आकडे सोबत पाठवतोय. रिपोर्ट शेठना दिवाळीनंतर देईन म्हणतो. सध्या त्यांचं डोकं ठिकाणावर नाही, माल घेणाऱ्या कंपनीची माणसं तपासणीला यायची आहेत आणि जुना रिपोर्ट फायलीत वर लावलाय. त्यावर माझी सही आहे. आता मीच तो खोटा ठरवला तर माझंही काही खरं नाही. योग्य वेळ बघून देतो.

सलिल


मुरूड, ६ नोव्हेंबर २०२३

सलिल,

तुझे आकडे मी तीनदा वाचले. फार सुंदर मोजलंय. मागचे, बाजूचे, समोरचे, प्रत्येक आकड्यापुढे वेळ आणि गाठ लिहिलीस. माझ्या हाताखाली इतक्या पदव्या घेतलेली मुलं आली, पण दोराची गाठ कुणाला सुचली नाही. मनुबाईला माझा नमस्कार सांग, शाब्बासकी नको. शाब्बासकी मोठ्याने लहानाला द्यायची असते.

आता तुझ्या "योग्य वेळ" बद्दल.

माझ्या उजव्या हाताची दोन बोटं कुकरने भाजलेली नाहीत.

मी सव्वीस वर्षांची होते. आमच्याकडे टेबलावरचं एक्स-रे यंत्र होतं. त्यातला नमुना सारखा कलायचा. दर वेळी यंत्र बंद करायचं, झाकण उघडायचं, सरळ करायचं, पुन्हा चालू करायचं. यात दिवस जायचा. म्हणून झाकण उघडं असताना यंत्र चालू न देणारं कुलूप मी निकामी केलं आणि चालू यंत्रात बोटांनी नमुना सरळ करायला लागले. काम चटाचट व्हायला लागलं. साहेब खूश. दहा दिवसांनी बोटं सुजली, मग फोड आले, मग मांस गेलं.

मी कुणाला सांगितलं नाही. त्या विभागात मी पहिली बाई होते. मला वाटलं, म्हणतील बायकांना ठेवलं की असंच होणार. घरी सांगितलं कुकर उडाला. तुझ्या आजीने तो बिचारा कुकर मोडीत काढला. डाव्या हाताने लिहायला शिकले आणि योग्य वेळेची वाट पाहत राहिले.

पुढच्या वर्षी माझी बदली झाली आणि त्या यंत्रावर नलू आली. माझी मैत्रीण. कुलूप तसंच होतं. नमुना कललेला सरळ कसा करायचा ते तिला मीच दाखवून गेले होते. तिचा अंगठा कापावा लागला.

नंतरची सगळी वर्षं मी दुसऱ्यांची यंत्रं मोजत फिरले, एकही कुलूप निकामी राहू दिलं नाही. लोक म्हणायचे, कुमुदबाई फार कडक. नलूने मला कधी विचारलं नाही, आणि मी तिला कधी सांगितलं नाही.

हे मी आजवर कुणाला लिहिलेलं नाही. वाचून झाल्यावर जाळू नकोस, ठेव.

आत्या


रेवस, २४ नोव्हेंबर २०२३

ती. आत्या,

तुझं पत्र आलं त्या दिवशी वसुबारस होती. घरात रांगोळ्या चालल्या होत्या. मी मागच्या पडवीत जाऊन दोनदा वाचलं. लहानपणी आम्ही तुझ्या बोटांची नक्कल करायचो. तू हसायचीस.

दुसऱ्या दिवशी रिपोर्ट दिला. दिवाळीनंतर नाही, धनत्रयोदशीला, शेठची तिजोरीची पूजा चाललेली असताना. हाताखालच्या माणसांसमोर सांगितलं, जुना कागद चुकीचा आहे, मीटरची टोपी लावून मोजलं होतं, चूक माझी. मनुबाईचा हात या यंत्रापुढे धरल्यामुळे भाजलाय असं मला वाटतं, आणि तो धरायला मी लावला.

शेठचा चेहरा बघण्यासारखा झाला. म्हणाले, "अरे, सणासुदीला?" मग आकडे वाचायला लागले. वाचता वाचता थांबले. तुला सांगायचं राहिलं, त्यांना एक खोड आहे. पाहुणा आला की यंत्र मागवतात आणि स्वतःच्या अंगठीचं सोनं किती कॅरेटचं ते दाखवतात. अंगठी बोटातच ठेवून. कागद वाचून त्यांनी अंगठीचा हात हळूच खिशात घातला. कुणी हसलं नाही, मीसुद्धा नाही. पण मनुबाईने माझ्याकडे पाहिलं.

मला काढलं नाही. दोन दिवसांनी स्वतःच यंत्राच्या कंपनीला फोन करून झाकणाचा स्टँड मागवला. बारीक तुकडा आत ठेवायचा, झाकण लावायचं, तरच घोडा चालतो. तो असा मिळतो हे कुणाला माहीतच नव्हतं. तपासणीची माणसं आली तेव्हा मी नवा रिपोर्ट वर लावला. त्यांनी दोन तास प्रश्न विचारले आणि गाठींचा दोर बघायला मागितला. मनुबाईने आणून दाखवला. त्यांच्यातल्या एकाने त्याचा फोटो घेतला.

लाँचने भाऊच्या धक्क्याला उतरून मी तिला त्वचेच्या डॉक्टरांकडे घेऊन गेलो. त्यांनी बोटं दिव्याखाली पाहिली, यंत्राची सगळी माहिती विचारली. म्हणाले, किरणांचाच परिणाम दिसतो, वेळेत थांबलात, बरी होतील, पण वर्षभर दर महिन्याला दाखवायचं. खर्च शेठने केला.

एक डिसेंबरची गोष्ट पुन्हा निघाली नाही. मनुबाई निवडीवरच आहे, यंत्रापासून चार गाठी लांब. अजूनही आधी तीच सांगते आणि मग यंत्र.

तिला तुला भेटायचं आहे. मी तुझ्या बोटांबद्दल काही सांगितलेलं नाही. फक्त एवढंच म्हटलं की टोपी माझ्या आत्याने पकडली, मुरूडला बसून, चित्र बघून.

सलिल


मुरूड, १६ जानेवारी २०२४

चि. सलिल,

संक्रांतीला मनुबाई आली. रेवसहून अलिबाग, अलिबागहून काशीदमार्गे एसटीने, मांडीवर सुक्या बोंबलांची पिशवी आणि तिळाचे लाडू. एसटीत सगळ्यांना कळलं असणार बाई कुठे निघालीय. मी दारात उभी राहून हात जोडले. तिने माझे जोडलेले हात पाहिले आणि "नमस्कार" म्हणायच्या आधीच उजवा हात आपल्या हातात घेतला.

आजवर कुणी असा घेतला नव्हता. डॉक्टरनेही नाही. मी लपवायची सवय लावून घेतलेली, पण तिची पकड सुटण्यासारखी नव्हती. दोन्ही बोटं उजेडाकडे फिरवली, टोकं दाबली, वाकवून बघितली. भंगारातला तुकडा बघत असेल तशीच. सवयीने माझ्या तोंडून निघालं, कुकरने भाजली. ती म्हणाली, "ह्या खुना कुकरच्या न्हायत."

मी म्हटलं, "नाहीत."

"कोनी मोजलं न्हाय ना?"

मी नाही म्हणायला गेले आणि मला रडू आलं. या वयात, पाहुण्यासमोर, दारात. तिने आत जाऊन स्वतःच खोबरेल शोधून आणलं आणि डॉक्टरांनी तिला जसं शिकवलंय तसं माझी बोटं चोळत बसली. तिची स्वतःची बोटं आता छान आहेत. सालं गेली, नखं नवी येतायत. म्हणाली, जाळ्याची सुई परत धरते. दुपारी मी तिला नलूबद्दल सांगितलं. ऐकून म्हणाली, "हाय का ती?" आहे, पनवेलला, मुलीकडे. "मंग जा की."

रविवारी जाणार आहे. माझ्याबरोबर मनुबाई येते म्हणाली.

तुझ्या रिपोर्टची तू पाठवलेली प्रत काढली. खाली रिकामी जागा होती, तिथे माझा जुना अपघात लिहिला. साल, यंत्र, कुलूप कुणी काढलं, बोटं कुठली, आणि नलूचं नाव. मी ज्या विभागात होते तिथे एक प्रत पाठवते आहे. तिथे आता मला ओळखणारं कुणी नसेल, पण कागद फायलीला लागेल.

लिहिलं डाव्या हाताने. सही मात्र उजव्याने केली. अर्धा तास लागला, पेन दोनदा पडलं. मनुबाईने उचलून दिलं. सही वाचता येत नाही, तेव्हा खाली नाव स्पष्ट लिहिलं आहे.

कुमुद